अठरा पूर्ण व्हायच्या आत

वाचकाचं पत्र:

"ताई, आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. थोरली लेक या जूनमध्ये हायस्कूल संपवते आहे आणि ऑगस्टअखेर पर्यावरणशास्त्र शिकायला बॉस्टनला जाणार आहे. ९ ऑगस्टला तिला अठरा पूर्ण होतील. धाकटा १३ वर्षांचा, त्याचा जन्म इथलाच. बाकी आम्हा तिघांकडे ग्रीन कार्ड आहे. लेकीच्या ग्रॅज्युएशनसाठी मे महिन्यात नाशिकहून सासूसासरे येताहेत, वयं ७१ आणि ७६. सासूबाई पूर्ण शाकाहारी. सगळ्यांनी मिळून कॅरिबियन क्रूझ करावी असं माझ्या फार मनात आहे. ह्यांचं म्हणणं, तो तरंगता मॉल, आठवडाभर नुसतं खात बसायचं. मुलं म्हणतात, येऊ, पण दिवसभर तुमच्या मागे फिरणार नाही. ऑगस्टच्या मध्यावरची तिकिटं बरीच स्वस्त दिसताहेत. लेक घर सोडण्याआधीची ही शेवटची सुट्टी. ती मला सगळ्यांबरोबर घालवायची आहे. जावं का? आणि एवढ्या मोठ्या जहाजावर मुलांना मोकळं सोडावं का? – एक आई, एडिसन"

सप्रेम नमस्कार,

जा. पण ऑगस्टमध्ये नको. ग्रॅज्युएशन आटोपलं की जूनच्या शेवटच्या आठवड्यात निघा, चार पैसे जास्त पडले तरी चालतील. बाकीचं सगळं नंतर ठरवता येईल, तारीख मात्र आधी ठरवा, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेला आहात: ९ ऑगस्ट.

मोठ्या जहाजांवर मुलांचे वयानुसार गट असतात. कार्निव्हल कंपनीच्या जहाजांवर १२ ते १४ चा एक आणि १५ ते १७ चा दुसरा. डिस्नेच्या जहाजांवर मोठ्यांचा गट १४ ते १७ चा, नॉर्वेजियनवर १३ ते १७ सगळे एकत्र. वय धरतात ते जहाज सुटतं त्या दिवशीचं. म्हणजे जूनमध्ये तुमची लेक १७ ची, तिच्यासाठी हक्काची जागा, रात्रीचे कार्यक्रम आणि तिच्याच वयाची पन्नासएक मुलं. १५ ऑगस्टला ती १८ ची, आणि त्या खोलीचं दार तिला बंद. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर मद्य २१ नंतरच मिळतं, त्यामुळे मोठ्यांच्या संध्याकाळीही तिच्या नाहीत.

हे मी पाहून सांगते आहे. आम्ही गेलो तेव्हा माझा थोरला १९ चा होता, धाकटा १६ चा. धाकटा पहिल्याच रात्री गटात गेला तो आठवडाभर मित्रांच्या घोळक्यात होता. थोरला दोन दिवस वरच्या डेकवर कानांत इअरफोन घालून एकटा बसून होता. तिसऱ्या दिवशी व्हॉलीबॉलच्या जाळ्यापाशी त्याची जोडी जमली म्हणून बरं, नाहीतर त्याच्या मनात त्या सहलीची आठवण म्हणजे एक रिकामी खुर्ची एवढीच राहिली असती. आरक्षण करताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारावं हे मलाही सुचलं नव्हतं.

तुमची दोन्ही मुलं एकाच गटात येतील असं जहाज मी टाळेन. १७ वर्षांच्या मुलीला आपला १३ वर्षांचा भाऊ संध्याकाळी शेजारी नको असतो, आणि त्यालाही ती नको असते.

ऑगस्ट टाळायचं दुसरं कारण वादळं, तो स्वस्त दिसतो तेही त्यामुळेच. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, पण खरा जोर असतो ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. जून अगदीच निर्धोक आहे असं नाही. २०२४ ची टी-ट्वेन्टी विश्वचषकाची फायनल आठवते ना? २९ जूनला बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर आपण जिंकलो आणि मग बेरिल वादळामुळे आपला संघ तिथेच अडकून पडला, मायदेशी पोचायला ४ जुलै उजाडला. तरी शक्यतेचा विचार केला तर जूनचा शेवट ऑगस्टच्या मध्यापेक्षा कितीतरी बरा. वादळ आलंच तर जहाज त्याला वळसा घालून दुसरीकडे जातं. धोका तुमच्या जिवाला नसतो, तुमच्या बेतांना असतो. मेक्सिकोतल्या कोझुमेलऐवजी भलतंच बंदर मिळू शकतं, आणि तसा हक्क कंपनीनं तिकिटाच्या अटींत स्वतःकडे ठेवलेला असतो. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी तोंडं पडणार नाहीत.

विमानानं फ्लोरिडाला आदल्या दिवशी पोचा. त्याच दिवशीचं पहाटेचं विमान पकडून जहाज गाठायचं, हा धोका म्हाताऱ्या माणसांना घेऊन पत्करू नका. जहाज थांबत नाही. (तुमच्यापासून अर्ध्या तासावर बेयोनहूनही जहाजं सुटतात, विमान वाचतं. पण तिथून सात रात्रींत फार तर बहामाज होतात, आणि येताजाता समुद्रच जास्त. मुलांनी बेटं पाहावीत असं वाटत असेल तर फ्लोरिडाच.)

आता मोकळं सोडण्याचं. सोडा. मला तर वाटतं, लेकीबरोबर या वर्षी जहाजावरच जावं, त्याचं कारणच हे आहे. दोन महिन्यांनी ती बॉस्टनला रात्री अकरा वाजता कुठे आहे हे तुम्हाला कळणार नाही. जहाजावर ती स्वतःच्या मनानं हिंडेल, काय खायचं, कुणाशी बोलायचं, केव्हा झोपायचं हे स्वतः ठरवेल, आणि तरी तुमच्यापासून चारशे मीटरच्या आत असेल. अशी सुट्टी दुसरी कुठली मिळते, सांगा. युरोपात, भारतात, रोड ट्रिपवर मुलं तरी मागच्या सीटवर कोंडलेली असतात, नाहीतर आपण तरी काळजीनं.

मोकळं सोडायचं म्हणजे वाऱ्यावर सोडायचं नाही. जहाज हे सहा-सात हजार माणसांचं गाव असतं आणि गावात सगळ्या तऱ्हेची माणसं असतात. निघण्याआधी घरीच, जेवणाच्या टेबलावर, चार गोष्टी स्पष्ट बोला. कुणाच्याही खोलीत जायचं नाही आणि कुणाला आपल्या खोलीत आणायचं नाही, मग तो त्याच वयाचा असो, मोठा असो की जहाजावरचा कर्मचारी असो. हे का, ते लेकीला आडपडदा न ठेवता सांगा. आणि लेकालाही तेवढंच स्पष्ट सांगा, मुलगा आहे म्हणून गाळू नका. आपण स्वतः ओतून घेतलेलं नाही ते प्यायचं नाही. बंदरावर एकट्यानं उतरायचं नाही. बाल्कनीच्या कठड्यावर चढायचं, बसायचं नाही, फोटोसाठीसुद्धा. बऱ्याच जहाजांवर अल्पवयीन मुलांनी रात्री एकनंतर एकटं फिरू नये असा नियम असतो. धाकट्यासाठी तुम्ही अकरा ठरवलंत तर तो कुरकुरेल, पण ऐकेल.

पहिल्या रात्री दोघांनाही आपापल्या गटात जायलाच लावा. "उद्या बघू" म्हणाले तर ऐकू नका. ओळखी पहिल्या रात्री होतात, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत घोळके ठरलेले असतात, आणि तिसऱ्या दिवशी नव्यानं शिरणं त्या वयात फार जड जातं. लेक लाजाळू असेल तर तिला म्हणा, अर्धा तास जा आणि नाही आवडलं तर परत ये. दारापर्यंत तुम्ही जाऊ नका.

बदल्यात एकच गोष्ट मागा: रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र. मुख्य डायनिंग रूममध्ये ठरलेल्या वेळेचं टेबल घ्या, रोज तेच टेबल आणि तेच वाढपी. वेळ निवडायला मिळते, साधारण साडेपाच नाहीतर आठ. सासूसासऱ्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळायच्या तर लवकरची घ्या. तेवढा दीड तास मुलं फोन खाली ठेवून बसली तर दिवसभर कुठे होती याचा हिशेब मागू नका. न मागताच कळतो. आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा म्हापशाचा होता. गोव्या-कोकणातल्या किती घरांतली माणसं बोटीवर आहेत हे आपण ऐकून असतो, पण समोर उभं राहून कुणी "उद्या वरणभात सांगून ठेवू का, मॅडम?" म्हणालं की पोटात काहीतरी हलतं. माझ्या मुलांनी त्याला विचारलं, घरी केव्हा जाणार. तो म्हणाला, कराराचे आठ महिने, त्यातले पाच झाले, मुलगी फोनवर चालताना पाहिली. त्या रात्रीपासून दोघंही उठताना आपल्या ताटल्या एकावर एक रचून ठेवायला लागले. मी काही सांगितलं नव्हतं.

सासूबाईंच्या जेवणाची काळजी त्यामुळे करू नका. मोठ्या कंपन्या भारतीय शाकाहारी जेवण देतात, मागितलं तर जैनही. फक्त आरक्षण करतानाच कळवा, आणि पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला भेटून पुन्हा सांगा, कारण ते आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. एका संध्याकाळी सगळे नटूनथटून जेवायला येतात. त्या दिवशी त्यांना पैठणी नेसायला लावा आणि नातीबरोबर फोटो काढा.

"शेवटची सुट्टी" हे शब्द मात्र लेकीसमोर बोलू नका, असं मनापासून वाटतं. मला तुमची घालमेल कळते. पण तिला एकदा का कळलं की आई प्रत्येक क्षण शेवटचा म्हणून मोजते आहे, की ती अवघडेल आणि लांब पळेल. मुलं दुपारी जवळ येत नाहीत, रात्री उशिरा येतात. आमच्या सहलीच्या पाचव्या रात्री मला झोप येईना म्हणून मी वरच्या डेकवर गेले. साडेबारा झाले असतील. पिझ्झाच्या खिडकीपाशी धाकटा उभा होता, मित्र पांगले होते. मला पाहून त्यानं न विचारता दुसरी ताटली घेतली. आम्ही कठड्याजवळच्या खुर्च्यांवर बसलो, वाऱ्यानं कागदी रुमाल उडत होते, तो त्यांच्यावर मिठाची बाटली ठेवत होता, आणि तसंच बाटलीकडे बघत म्हणाला, "आई, मला इंजिनिअरिंग नाही करायचं." घरी त्यानं हे मला सांगितलं नसतं. घरी मी साडेबाराला झोपलेली असते. म्हणून सांगते, दिवसा तिच्या मागे लागू नका, दुपारी जरा झोप काढा आणि रात्री जागं राहा.

तुमच्या ह्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. जहाजावरून उतरलंच नाही, किंवा उतरून धक्क्यावरच्या दागिन्यांच्या दुकानांतच हिंडलं, तर तो तरंगता मॉलच आहे. उपाय एवढाच की बंदरं नीट निवडायची आणि एका बंदरात एकच गोष्ट करायची. तुमच्या लेकीचा विषय पाहता मी कोझुमेल आणि ग्रँड केमन असलेला पश्चिम कॅरिबियनचा मार्ग घेईन. कोझुमेलच्या किनाऱ्यालगतची प्रवाळभिंत युकातानपासून होंडुरासपर्यंत सुमारे हजार किलोमीटर पसरलेल्या रांगेचा भाग आहे, ही रांग ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल जगात दुसरी मानली जाते. नळी तोंडात धरून पाण्यात चेहरा बुडवला की पुस्तकातलं सगळं डोळ्यांसमोर येतं, आणि पांढरी पडलेली, मेलेली प्रवाळंही दिसतात. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या. ऑक्सिबेन्झोन असलेल्या मलमांनी प्रवाळांना इजा होते म्हणून अमेरिकन व्हर्जिन आयलंड्सनी ती २०२० पासून बंदच केली आहेत. ग्रँड केमनला उथळ वाळूच्या पट्ट्यावर, कमरेएवढ्या पाण्यात, पाकट मासे पायांना घासून जातात. कोळी पूर्वी तिथे मासे साफ करत, त्या वासानं ते जमायला लागले आणि राहिले. धाकट्याला तो दिवस जन्मभर आठवेल. मात्र ग्रँड केमनला जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीत उतरून किनाऱ्यावर जावं लागतं, आणि लाटांवर हलणाऱ्या बोटीत पाय टाकणं गुडघेदुखीच्या माणसाला अवघड जातं. सासरे म्हणाले, मी थांबतो, तर आग्रह करू नका. सगळे उतरल्यावरचं रिकामं, शांत जहाज हे वयस्कर माणसांना मिळालेलं सुखच आहे.

ह्यांना क्रिकेटचं वेड असेल आणि इतिहासाची ओढ असेल तर आणखी एक वाट आहे, पण ती पुढच्या वेळी, सासूसासरे बरोबर नसताना. न्यूअर्कहून विमानानं पोर्टो रिकोच्या सान हुआनला जायचं. तो अमेरिकेचाच भाग, त्यामुळे प्रवास देशांतर्गत. तिथे समुद्रावर उभा असलेला एल मोरो किल्ला १५३९ मध्ये बांधायला घेतलेला. आपल्याकडचे जलदुर्ग पाहिलेल्या माणसाला त्याच्या तटावर चालताना बोलायला विषय मिळतात. तिथून सुटणारी जहाजं बार्बाडोस, सेंट लुशिया, अँटिगाकडे जातात. ब्रिजटाउनच्या बंदरापासून केन्सिंग्टन ओव्हल जवळच आहे. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली आणि गावसकरांनी पदार्पणाच्या त्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या, हे लेकाला सांगायला यापेक्षा चांगली जागा नाही. पण त्या मार्गावर रोज नवं बंदर, पूर्ण समुद्रातला दिवस जवळपास नाहीच. म्हाताऱ्यांची दमछाक होते, आणि मुलांच्या ओळखी घट्ट होतात त्या नेमक्या समुद्रातल्या दिवशीच.

घड्याळाची एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोझुमेल, केमन, जमैका इथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. जूनमध्ये फ्लोरिडात साडेतीन वाजलेले असतात तेव्हा तिथे अडीच. आमचं जहाज फ्लोरिडाचीच वेळ पाळत होतं, चारपर्यंत परत या असं सांगितलेलं. कोझुमेलच्या किनाऱ्यावर माझ्या फोननं आपणहून तिथली वेळ धरली आणि मी निवांत, अजून दीड तास आहे म्हणून. थोरल्याच्या मनगटावर साधं घड्याळ होतं म्हणून कळलं. टॅक्सी, मग तो लांबच लांब धक्का, धावताना धाकट्याची चप्पल तुटली, ती हातात घेऊन तो अनवाणी पळाला. पोचलो, दहा मिनिटं राखून. दोघा मुलांच्या हातात साधी घड्याळं बांधा, जहाजाची वेळ लावून. फोन आठवडाभर विमानातल्यासारखा एअरप्लेन मोडवर ठेवा, समुद्रावरच्या नेटवर्कचं बिलही वाचेल.

कागदपत्रं सगळ्यांची सारखी नाहीत, म्हणून प्रत्येकाची वेगळी बघा. धाकटा अमेरिकन नागरिक, १६ च्या आतला, त्याच बंदरात परत येणाऱ्या जहाजावर त्याला जन्मदाखला पुरतो. तरी पासपोर्ट न्याच, कारण एखाद्या बेटावर आजारी पडून विमानानं परतायची वेळ आली तर जन्मदाखल्यावर विमानात बसता येणार नाही. तुम्हा तिघांचे भारतीय पासपोर्ट आणि मूळ ग्रीन कार्डं, छायाप्रती नव्हेत. सासूसासऱ्यांच्या व्हिसावर अनेकदा प्रवेशाची मुभा आहे ना ते पाहा, आणि क्रूझवरून परतल्यावर पुन्हा नव्यानं सहा महिने मिळतील असं धरून त्यांचं परतीचं तिकीट पुढे ढकलू नका. त्यांना मेमध्ये मिळालेली मुदतच खरी मानून चाला. मेक्सिकोला ग्रीन कार्ड किंवा चालू अमेरिकन व्हिसा पुरतो. बाकीच्या प्रत्येक बंदरासाठी भारतीय पासपोर्टला काय लागतं ते कंपनीकडून लेखी घ्या. आणि एच-वन-बीवर असलेले जे वाचक हे वाचताहेत त्यांना कळकळीनं सांगते: पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का संपला असेल तर कॅरिबियन बेटांवरून परत येता येत नाही. जुन्या शिक्क्यावर परतण्याची सवलत तुमच्यासाठी फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती, ३० दिवसांपर्यंत आहे. बेटांची सवलत एफ आणि जे (विद्यार्थी आणि एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना. यावरून बाहेर अडकलेली कुटुंबं आहेत.

सासूसासऱ्यांचा प्रवासी विमा अमेरिकेबाहेर आणि जहाजावरच्या दवाखान्यात चालतो का, हे पॉलिसी उघडून वाचा. बरेच विमे चालत नाहीत. समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात असायलाच हवा, त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यावे लागले तर द्या.

खोल्यांवर फार डोकं शिणवू नका. एकाच खोलीत चौघं, त्यातले दोघं छतातून उतरणाऱ्या बिछान्यावर, हे स्वस्त पडतं, पण १७ वर्षांच्या मुलीला एका न्हाणीघरात बाकी तिघांबरोबर आठवडा काढायला लावू नका. मुलांना तुमच्या समोरची बिनखिडकीची खोली द्या. पालक लागून किंवा समोर असतील तर कंपन्या २१ च्या आतल्यांना वेगळी खोली देतात. सासूसासऱ्यांना खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर, लिफ्टजवळ, तिथे हेलकावे कमी लागतात. तिकिटाच्या वर रोजची बक्षिसी असते, माणशी साधारण १६ ते २० डॉलर, मुलांचीही. सहा जणांचे सात रात्रींचे साडेसातशे डॉलर आत्ताच बाजूला काढा आणि त्यात काटछाट करू नका. मुलांच्या जहाजावरच्या कार्डांवर खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन लावून घ्या, नाहीतर गेम्सच्या खोलीत ती हा हा म्हणता रिकामी होतात.

सासूबाई नाशिकहून चिवडा-लाडू आणणारच. घरी केलेलं खाणं जहाजावर नेऊ देत नाहीत, पाकीटबंद चालतं. त्यांचे डबे त्याआधीच एडिसनला संपवा, आणि बरोबर न्यायला आल्याच्या वड्यांचं एक सीलबंद पाकीट त्यांना आत्ताच फोन करून आणायला सांगा. पहिल्या रात्री पोटात ढवळलं तर सगळ्यांनाच लागेल.

तुमची,
ताई